तुळईचे माहेर

आमच्या गावच्या घरी माजघरावर एक तुळई होती. सोळा हात लांब, काळीभोर, आणि इतकी सरळ की गवंडी म्हणे ओळंबा लावायची गरज नाही, हिच्याकडे बघून भिंत उभी करावी. तिच्या मधोमध लोखंडाची एक कडी होती. त्या कडीला पाळणा टांगत. माझे वडील, त्यांची चार भावंडे आणि पुढे आम्ही तिघे भाऊ, सगळे त्या एकाच कडीखाली झोके घेऊन वाढलो. आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांनी हे लाकूड बंदरावर, पडावातून उतरतानाच विकत घेतले. "मलबारी आहे हो," असे ते पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना आवाज जरा खाली आणत. जणू घरात राजघराण्यातली सून आली आहे.

वाटण्या झाल्या, घर पाडायचे ठरले, आणि २०१२ साली जुन्या लाकडाचा एक व्यापारी ट्रक घेऊन आला. खांब, वासे, दारे, चौकटी सगळे त्याने घेतले. सगळ्यांत जास्त पैसे तुळईचे आले. कागदावर पहिली सही माझी, कारण मी थोरला. आई ओटीवर बसून होती. ती काही बोलली नाही. तुळई ट्रकात मावेना म्हणून व्यापाऱ्याच्या माणसाने तिचे भिंतीत कुजलेले टोक करवतीने कापले आणि अंगणात टाकून दिले. त्यातला वीतभर धड तुकडा मी उचलून आणला. तो माझ्या कपाटात, रंगांच्या डब्यांमागे पडून आहे. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर चित्रकलेचीच परीक्षा दिली, आणि कादंबऱ्या लिहितो त्या रात्री, घरचे झोपल्यावर. त्यामुळे कपाटात असल्या निरुपयोगी वस्तू पुष्कळ आहेत.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही उभयता कोकण रेल्वेने केरळात गेलो. देवदर्शन, समुद्र, बॅकवॉटर हा सगळा कार्यक्रम सौ.ने आखला होता. मी त्यात एकच दिवस मागून घेतला होता. निघताना पिशवीत तो तुकडा ठेवताना तिने पाहिले.

"अहो, लाकूड कशाला घेताय? तिथे काय लाकडाला तोटा आहे?"

"माहेरी नेतोय," मी म्हणालो.

मलबारच्या सागाची गोष्ट सांगायची म्हणजे मुंबईपासूनच सुरुवात करायला हवी. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणी करणारे सुतार इंग्रजांच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. पुढे दीडशे वर्षे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. या गोदीचे वैशिष्ट्य एकच, पण ते सगळ्या इंग्लंडला भारी पडले: तिथली जहाजे सागाची होती. इंग्लंडात जहाज बांधत ओकचे. ओकच्या लाकडात एक आम्ल असते, ते लोखंडी खिळा खाते. खिळ्याभोवतीचे लाकूडही सडते. सागात तेल असते. खिळा तसाच राहतो, वाळवी लागत नाही, पाण्यात लाकूड फुगत नाही की उन्हात तडकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनशी लढाया चालू असताना इंग्लंडला ओकची चणचण भासू लागली, तेव्हा आरमाराची नजर मुंबईकडे वळली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी 'मिंडेन' हे मोठे लढाऊ जहाज १८१० साली आणि 'कॉर्नवॉलिस' १८१३ साली पाण्यात लोटले. १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईस तयार झालेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. दोनशे वर्षांहून जुने लाकूड! आमच्या तुळईची ती चुलत बहीणच म्हणायची.

जहाजबांधणी काही इंग्रजांनी आपल्याला शिकवली नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांची गोदी होती आणि तिचे अवशेष अजून दिसतात. परंतु कोकणचा चांगला साग हळूहळू संपत आला. घाटाखालची राने विरळ झाली, आणि मुंबईच्या गोदीला दक्षिणेकडे पाहावे लागले.

दक्षिणेकडे म्हणजे मलबारात. श्रीरंगपट्टणच्या तहाने १७९२ साली टिपूकडून मलबार इंग्रजांकडे आला आणि आरंभीची आठ वर्षे तो चक्क मुंबई इलाख्यात होता. १८०० साली तो मद्रासकडे गेला. पण प्रांत मद्रासकडे गेला तरी लाकडावरचा मुंबईचा डोळा हलला नाही. १८०६ साली वॉटसन नावाच्या एका पोलीस कप्तानाला जंगलांचा कॉन्झर्व्हेटर म्हणून नेमण्यात आले. हिंदुस्थानातली या नावाची ही पहिली नेमणूक. नाव संरक्षकाचे, आणि काम गोदीला लाकूड पुरवण्याचे. साग सरकारचा, असे जाहीर झाले. ज्याच्या मालकीच्या रानात झाड उभे आहे, त्यालाही ते तोडायची चोरी. रानाचे मालक, व्यापारी, शेतकरी सगळ्यांनीच गाऱ्हाणी केली, आणि अखेर गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२३ साली ही जागाच रद्द केली. मन्रो रयतेचे हितकर्ते म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि इथेही त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दावे सुटलेल्या गुरांसारखे झाले. मक्तेदारी गेली तशी आडकाठीही गेली. मालकांनी राने व्यापाऱ्यांना दिली, व्यापाऱ्यांनी कुऱ्हाडी लावल्या, आणि वीस वर्षांत नदीकाठची राने, जिथून लाकूड बाहेर काढणे सोपे, ती उघडी पडली.

लाकूड बाहेर काढणे सोपे म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावर उमगले. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून तोडण्याच्या आधी दोन-तीन वर्षे झाडाच्या बुंध्याभोवती खोल खाच घेतात. झाड उभ्याउभ्याच मरते आणि उभ्याउभ्याच वाळते. मग तोडायचे, हत्तींनी ओढत नदीवर आणायचे, ओंडक्यांना बांबूचे भारे बांधून तराफे करायचे आणि पावसाळ्याचे पाणी आले की सोडून द्यायचे. चालियार नदी ते तराफे समुद्राजवळ बेपूरला आणि पुढे कालिकतच्या कल्लाई बाजारात नेऊन पोचवी. एका काळी कल्लाई हा जगातल्या मोठ्या लाकूडबाजारांत गणला जाई.

ही सगळी माहिती डोक्यात घेऊन आम्ही शोरनूरला सकाळच्या गाडीत बसलो. शोरनूर ते निलंबूर रोड हा ६६ किलोमीटरांचा एकेरी फाटा आहे. पुढे रूळ नाहीत. सह्याद्री आडवा उभा आहे. १९२७ साली हा फाटा मुख्यतः लाकडासाठी निघाला, आणि १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाला लोखंड हवे म्हणून रूळ उखडून नेले. पुन्हा गाडी धावली ती स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या सुमारास. आज या मार्गावरून जाणे म्हणजे एका लांबच लांब हिरव्या बोगद्यातून जाणे आहे. दोन्ही बाजूंची झाडे डब्यावर ओणवतात. लहान लहान स्टेशनांवर वड-पिंपळ आणि साग फलाटावरच उभे. एका स्टेशनावर एक बाई शेळी घेऊन उभी होती; गाडी गेल्यावर रूळ ओलांडून चरायला निघायची, एवढेच तिचे गाडीशी काम. सौ. म्हणाली, "आपल्या आडवलीसारखंच आहे की हो." तिला कोणतेही रम्य ठिकाण तिच्या माहेरासारखेच दिसते, पण या वेळी तिचे खरे होते.

वाटेत अंगाडिपुरम लागले. गाडी दोनच मिनिटे थांबते, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून जमीन पाहून घेतली. तांबडी! आमचा जांभा! १८००-०१ साली फ्रान्सिस बुकानन नावाचा वैद्य म्हैसूर-मलबारची पाहणी करत हिंडत होता. याच अंगाडिपुरमच्या आसपास त्याने पाहिले की इथला दगड जमिनीत असतो तोवर लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि हवा लागली की विटेसारखा कठीण होतो. १८०७ साली छापलेल्या ग्रंथात त्याने त्याला लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' असे नाव दिले. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेलेले ते नाव इथले. भूगर्भखात्याने १९७९ मध्ये इथे तसा फलकही लावला आहे. आपल्या रत्नागिरीचे सगळे चिरे ज्या नावाने शास्त्रात ओळखले जातात, त्याचे बारसे या गावी झाले. मी हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे भिंतीही इथल्याच, तुळईही इथलीच, मग आपलं काय होतं?" मला उत्तर सुचले नाही.

निलंबूर रोडला उतरलो. रिक्षावाला माझ्याच वयाचा, पांढरी लुंगी, अर्धी पिकलेली दाढी. तरुणपणी सात वर्षे कुलाब्यात एका उपाहारगृहात काम केलेला, त्यामुळे त्याची हिंदी माझ्या हिंदीहून चांगली. मी शिक्षक आहे हे कळल्यावर तो मला "माश" म्हणू लागला. 'मास्टर'चे मल्याळीत 'माश' होते आणि केरळात शाळामास्तराला ते नाव फार आदराने लावतात. आपल्याकडे 'मास्तर' म्हटले की मागून "तुम्हाला काय कळतंय" असा अर्थ येतो. त्या दिवसभरात मला कुणीतरी पंचवीस वेळा माश म्हटले असेल, आणि खरे सांगतो, मी चालण्याची पद्धत थोडी बदलली.

गाव टुमदार आहे. मधून रस्ता, दोन्ही बाजूंना कौलारू दुकाने आणि त्यांत मिसळलेल्या नव्या काँक्रिटच्या इमारती, कडेला भले मोठे पाऊसवृक्ष, आणि अधूनमधून लाकडाच्या वखारी. वखारीसमोरून रिक्षा गेली की ताज्या भुश्श्याचा वास येतो. नदीच्या बाजूला निलंबूरच्या तिरुमुलपाडांचा, म्हणजे तिथल्या सरदार घराण्याचा, कोविलकम आहे. आसपासच्या अफाट रानांचे मालक हे घराणे; १९७१ च्या कायद्याने केरळातली खाजगी राने सरकारजमा झाली तेव्हा हाही अंमल संपला. वाड्याची जुनी दारे, खांब आणि छत पाहताना माझे लक्ष साहजिकच वर गेले. तिथे तुळया आहेत. अजून आहेत.

तिथून आम्ही अरुवाकोडला आलो. हे कुंभारांचे गाव. चालियारच्या पलीकडच्या तीरावर, जिथे दुसरी एक लहान नदी तिला येऊन मिळते, तिथे आम्हाला जायचे होते. डिसेंबरात पाणी उतरलेले होते. होडीतून पाच मिनिटांत पलीकडे लागलो आणि वाळूतून चढून वर गेलो. वर सावली एकाएकी इतकी दाट झाली की सौ.ने डोक्यावरचा पदर खाली घेतला.

ही कोनोलीची बाग. खरे म्हणजे बाग नव्हे, जेमतेम २.३१ हेक्टरांचा तुकडा आहे. मूळ लागवड याहून मोठी होती. तिच्यातला हा भाग राखून ठेवलेला आहे. लावणीचे साल १८४६. झाडे शंभराहून थोडी अधिक. जिवंत राहिलेली जगातली सर्वांत जुनी सागाची लागवड म्हणून हिची ख्याती आहे. सगळ्यांत मोठ्या झाडाचा घेर चार मीटरांच्या वर आहे. मी आणि सौ.ने हात धरून त्याला मिठी घालून पाहिली, पुरली नाही. रखवालदार हसला. येणारे सगळेच हे करतात, असे त्याच्या हसण्यावरून दिसले.

साग तसा आपल्या ओळखीचा. लहानपणी आम्ही त्याची कोवळी पाने तळहातावर चोळून हात लाल करत असू आणि घरी येऊन रक्त आले म्हणून रडत असू. पण आपल्या शेताच्या बांधावरचा साग पाहणे वेगळे आणि हे वेगळे. पन्नास-साठ हात उंचीपर्यंत फांदी म्हणून नाही. पाने पिवळी पडत होती, वरून एखादे सुटले की हेलकावे खात खाली यायला इतका वेळ लागे की त्याच्याकडे पाहत उभे राहावे, आणि शेवटी पत्रावळ टाकल्यासारखा आवाज होई.

हेन्री व्हॅलेंटाइन कोनोली हा १८४० नंतर मलबारचा कलेक्टर होता. राने उजाड होत चालली आहेत आणि मुंबईच्या गोदीला लाकूड कमी पडणार, हे त्याने पाहिले. त्याने ठरवले की साग लावायचा. आज ही गोष्ट ऐकून काही वाटत नाही, पण त्या काळी रानातले झाड लावायचे, हा विचारच लोकांना वेडेपणाचा वाटला असला पाहिजे. आंबा लावतात, नारळ लावतात. साग कुणी लावतो का? तिरुमुलपाडांकडून आणि त्रिकल्लूर देवस्थानाकडून त्याने जमिनी खंडाने घेतल्या आणि १८४२ साली बी पेरले. उगवले नाही. सागाचे बी टणक कवचात असते; माणसाच्या नखाने फुटत नाही. नाना तऱ्हा करून पाहिल्या. वर्ष गेले, दुसरे गेले.

यश आले ते चात्तू मेनन यांच्या हाताने. कोनोलीचे हे मल्याळी दुय्यम अधिकारी. बी भिजवायचे, वाळवायचे, वाफ्यात रुजवायचे आणि पहिल्या पावसात रोप उचलून रानात लावायचे, ही शिस्त त्यांनी बसवली. १८४४ पासून लागवड खरोखर सुरू झाली आणि पुढे जवळपास वीस वर्षे मेनन यांच्या देखरेखीखाली ती चालू राहिली. लाखो झाडे या माणसाने लावून घेतली. तुकड्याला नाव मात्र कोनोलीचे आहे. हुकूम काढणाऱ्याचे नाव राहते आणि वाफ्याला पाणी घालणाऱ्याचे जाते, ही काही मलबारचीच रीत नाही. तरी केरळात आज मेनन यांना सागलागवडीचे जनक म्हणून मान देतात, हे ऐकून बरे वाटले. वाफे खणणाऱ्या आणि डोक्यावरून रोपे वाहणाऱ्या मजुरांची नावे मात्र कुठेच नाहीत.

कोनोलीबद्दल मी बराच विचार केला. कादंबरीकाराला असले पात्र सोडवत नाही. १८४२ हे साल पाहा. हिच्या बागेची पहिली पेरणी फसली ते हे साल. याच सालच्या ऑगस्टमध्ये चीनमध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळाले. त्या तहावर सह्या झाल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर, म्हणजे मुंबईत वाडियांनी बांधलेल्या सागावर बसून! आणि याच साली कोनोलीचे दोन भाऊ गेले. एक आर्थर. मध्य आशियातल्या इंग्रज-रशियनांच्या चढाओढीला 'ग्रेट गेम' हे नाव देणारा तोच. बुखाऱ्याच्या अमिराने जूनमध्ये त्याचा शिरच्छेद केला. दुसरा जॉन, तो काबूलला ओलीस असताना मेला. तिसरा एडवर्ड त्याआधी दोन वर्षे अफगाणिस्तानातच मारला गेला होता. तीन भाऊ साम्राज्य वाढवताना गेले, आणि हा चौथा मलबारच्या पावसात वाफ्यांपुढे बसून टणक बियांना कोंब फुटण्याची वाट पाहतो आहे.

पण त्याला नुसता वृक्षप्रेमी साधू समजू नये. तो कलेक्टर होता. जमीनदार आणि कुळे यांच्यात मलबार धुमसत होता. मापिळ्यांचे उठाव होत होते, आणि ते मोडण्यासाठी त्याने कडक हात वापरला. सय्यद फजल या मोठ्या धर्मगुरूंना १८५२ साली देश सोडून अरबस्तानात जावे लागले, त्यामागेही कोनोलीच होता. ११ सप्टेंबर १८५५ च्या रात्री कालिकतच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, बायको समोर बसलेली असताना, तुरुंगातून पळालेल्या मापिळ्यांनी त्याला ठार केले. या तुकड्यातली झाडे तेव्हा नऊ वर्षांची होती. नऊ वर्षांचा साग पुरुषभर मांडीएवढाही जाड नसतो.

आणि या सगळ्या खटाटोपाचे फळ काय? साग तोडायला येतो साठ वर्षांनी, असा त्यांचा हिशेब. १८४६ मध्ये लावलेले झाड १९०६ मध्ये. पण मध्येच, १८६० साली, इंग्लंडने 'वॉरियर' हे लोखंडी लढाऊ जहाज पाण्यात उतरवले आणि पुढे लाकडी आरमाराचे युगच आटोपले. ज्या गोदीसाठी झाडे लावली, ती तयार झाली तेव्हा गोदीला लाकडी जहाजच नको होते. मग हा साग गेला रेल्वेच्या डब्यांना, जहाजांच्या डेकांना, सरकारी कचेऱ्यांच्या टेबलांना, श्रीमंतांच्या दारांना. हिशेब करणाऱ्याचा हिशेब चुकला आणि झाडे मात्र बरोबर वाढली.

दुपारी आम्ही गुडलूरच्या रस्त्यावरचे सागाचे संग्रहालय पाहिले. केरळच्या वनसंशोधन संस्थेने १९९५ साली उभारलेले. दारातच एका सागाची मुळे आख्खी खणून, स्वच्छ करून ठेवली आहेत. झाड जमिनीखाली किती असते ते पाहून सौ. बराच वेळ तिथून हललीच नाही. आत जुन्या सागाचा बुंधा आहे, पेरंबीकुलमच्या कन्निमारा नावाच्या प्रचंड सागाचे चित्र आहे, आणि बेपूरच्या 'उरू' जहाजाची प्रतिकृती आहे. अरबस्तानाशी व्यापार करणारी ही लाकडी जहाजे बेपूरला अजून हाताने बांधतात.

धीर करून मी पिशवीतला तुकडा काढला आणि तिथल्या एका तरुण अभ्यासकाला दाखवला. वाटले होते, हसेल. त्याने तो खिडकीशी नेला, पात्याने कडेला बारीकसा काप घेतला, आणि भिंगातून पाहिले.

"साग आहे," तो म्हणाला.

"मलबारी?"

त्याने मान हलवली. नुसत्या डोळ्यांनी ते सांगता येत नाही. कोकणचा असेल, ठाण्याकडचा असेल, इथलाही असेल. मग त्याने वलये मोजायला सुरुवात केली आणि मला पेन्सिलीच्या टोकाने दाखवली. एका बोटाच्या रुंदीत ती इतकी दाट होती की मला, चित्रकलेच्या मास्तराला, वेगळी दिसेनात. लागवडीच्या झाडाची कोवळ्या वयातली वलये रुंद असतात, तो म्हणाला. त्याला मोकळी जागा मिळते, भरभर वाढते. हे हळू वाढले आहे. दुसऱ्या झाडांच्या गर्दीत, सावलीत. बहुधा रानचे. कुणी न लावलेले.

मी तुकडा पिशवीत ठेवला. आजोबांच्या 'मलबारी'चे मी काय करावे, ते मला कळेना. ते खरेच असेल तर आमची तुळई कोनोलीच्या झाडांपैकी नव्हती. ज्यांच्या तोडीमुळे त्याला झाडे लावावी लागली, त्यांपैकी होती. साठ वर्षांत उगवणारी नव्हती ती. आणि आम्ही तीन भावांनी तिची किंमत एका दुपारी ठरवली होती.

परतताना रिक्षावाल्याने पुलाजवळ गाडी थांबवली. "माश, एक गोष्ट दाखवतो." खाली चालियार होती, उथळ, वाळूतून वळणे घेत जाणारी. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडात मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे दरड कोसळून वाहून गेली. शेकडो माणसे गेली. डोंगरावरचे ते पाणी खाली येते ते याच नदीने. निलंबूरच्या वरच्या अंगाला, पोत्तुकल्लच्या बाजूला, प्रेते येऊ लागली. गावातली माणसे पाण्यात उतरली, हाही उतरला. "पाण्यात लाकडंही वाहत होती, माश. ओंडके, फांद्या, घरांचे वासे. लांबून कळत नव्हतं, लाकूड येतंय की माणूस येतंय. प्रत्येक लाकडाकडे पोहत जावं लागे." त्याने तीन दिवस ते काम केले होते. किती जणांना बाहेर काढले, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. तो बोलत होता तेव्हा सौ.ने माझी पिशवी तिच्याकडे घेतली, का कोण जाणे.

स्टेशनावर त्याने ठरल्याहून जास्त पैसे घ्यायला नकार दिला. "माश कडून?" एवढेच म्हणाला.

कोनोलीच्या बागेत, झाडांखाली फळे पडलेली असतात, फुगीर, कागदी कवचात गुंडाळलेली. सौ.ने मूठभर उचलली होती. रखवालदाराने दुसरीकडे पाहिले, त्यालाच आम्ही होकार समजलो. घरी आल्यावर ती फळे तिने मीठ ठेवायच्या जुन्या बरणीत ठेवली. एप्रिलमध्ये आम्ही चात्तू मेनन यांच्या पद्धतीने बारा तास भिजत, बारा तास उन्हात, असा क्रम पंधरा दिवस केला. सातवीच्या मुलांनी शाळेच्या आवारात वाफा केला. चाळीस बिया लावल्या होत्या. जुलैअखेर सात उगवल्या. त्यांतली दोन शेजारच्या बकरीने खाल्ली. पाच राहिली आहेत. मुलांनी त्यांना पाट्या लावून आपापली नावे दिली आहेत, आणि तुकडा पाहायला मिळावा म्हणून मी तो वर्गात आणून ठेवला आहे. एका मुलीने त्याची वलये मोजायला घेतली आहेत. परवा ती एकशे तेरावर होती आणि टोक अजून लांब होते.

मुख्याध्यापक वाफा पाहायला आले. त्यांनी चष्मा वर केला, पाच रोपांकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, साग कशाला लावलात? सागाला तोडायची परवानगी लागते हो. पुढं फार कटकट होते."